पडवीतल्या गणपतींची घरपट्टी

पेण, ३ मे २०२५

भाऊजी,

नमस्कार. वाकून करायचा तर कंबर परवानगी देत नाही, तेव्हा बसल्या जागेवरून केला असं समजा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून बोलायची माझी सवय शाळेबरोबरच सुटली, म्हणून पत्र. कानाचं यंत्र लावा म्हणून तुमची सून सांगून थकली, मी आता सांगत नाही.

घरपट्टीची नोटीस आली आहे. दर चार वर्षांनी नवी आकारणी होते तशी यंदा झाली. आपलं घर आजवर 'निवासी' होतं, ते या वेळी 'व्यावसायिक' झालं आणि कर दुपटीच्या वर गेला. मला आधी वाटलं, कोपऱ्यावरच्या दुकानाची नोटीस चुकून आपल्याकडे टाकली. पण वर नाव तुमचंच, खाली तुमच्या भावाचं. हे गेले त्याला इतकी वर्षं झाली, पण कागदावर अजून घरमालक आहेत.

मग डोक्यात प्रकाश पडला. गेल्या जुलैत पाहणीला दोन मुलं आली होती. त्यांनी पडवीत पाहिलं, ओटीवर पाहिलं, माजघरात डोकावलं. सगळीकडे गणपती. समोरच्या अनिताचे, दुसऱ्या कुणाचे? तिची शेड एवढीशी, आणि ओल्या शाडूच्या मूर्ती एकमेकींना खेटून ठेवता येत नाहीत. तिचा नवरा मिठागरावर काम करताना अपंग होऊन घरी बसला आणि तिने कारखाना काढला, तेव्हापासून तिच्या मूर्ती सुकायला आपल्याकडे येतात. मी भाडं घेत नाही, तिने कधी विचारलंही नाही. पेणमध्ये निम्म्या आळ्या अशाच चालतात. पण ती मुलं बाहेरगावची. इथलं पोर असतं तर 'कुणाच्या मूर्ती, बाई?' म्हणून विचारलं असतं. त्यांनी मापं घेतली, फोटो काढले आणि 'गोदाम' असं लिहून गेली. मी बावळट, त्यांना वर चहाही दिला.

हरकत घ्यायला महिन्याची मुदत आहे. पहिलं नाव तुमचं, तेव्हा तुमची सही हवी. अर्ज सोबत आहे. पेन्सिलीची फुली केली आहे तिथे सही करा, दुसरीकडे नको.

वृंदा

*

रोहा, ९ मे २०२५

वृंदा,

आशीर्वाद आहेत. सही केली. फुलीवरच केली.

आता माझं ऐक. ऑफिसशी भांडून आजवर कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. ती मिळकत आपल्या दोघांना जड झाली आहे. आमचा अद्वय कंपनीच्या शिफ्टमधून मान वर काढत नाही, तो काही पेणला येऊन राहणार नाही. तू तिथे एकटी, मी इथे. एक गिऱ्हाईक मी बघून ठेवलं आहे. माणसं बरी आहेत. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरचा ब्लॉक रिकामा होतो आहे, तो तुला घेऊ. जिने नाहीत, दवाखाना समोर, सूनबाई अंतरा हाकेच्या अंतरावर.

तू हट्टी आहेस हे मला तुझ्या लग्नापासून माहीत आहे. म्हणून एक ठरवू. तुझी हरकत मान्य झाली आणि घर निवासी झालं, तर मी विक्रीचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही झाली, तर दिवाळीनंतर मिळकत विकायची आणि तू रोह्याला यायचं. तो कर तुझ्या पेन्शनला झेपणार नाही आणि माझे पैसे तू घेणार नाहीस. शब्द दे.

माधव

*

पेण, १२ जून २०२५

भाऊजी,

शब्द दिला. पण एक सांगते, तुम्हाला तुमचा हिस्सा हवा असेल तर तसं सरळ लिहा. ब्लॉक आणि दवाखाना कशाला मध्ये आणता? या पत्रात असलं काही लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण लिहून झालं आहे आणि शाईचं पेन आहे.

काल नगरपालिकेत सुनावणी झाली. अधिकारी मॅडम तरुण आहेत, पण ऐकून घेतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "भाडं घेता?" म्हटलं, नाही. "मग बदल्यात काही मिळतं?"

भाऊजी, इथे नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं, आता मलाच बाकावर उभं राहायची पाळी. मी सांगितलं की दर वर्षी आमच्या घरचा गणपती अनिता देते आणि त्याचे पैसे घेत नाही.

मॅडमनी ते टिपून घेतलं. शेजारचा कारकून म्हणाला, "मग हे वस्तूच्या रूपातलं भाडंच झालं की." गणपतीला भाडं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, पण त्याचंही चुकत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, सोपा मार्ग म्हणजे यापुढे घरात मूर्ती ठेवणार नाही असं लिहून द्या, आजच निवासी करते. नाही तर मी स्वतः पाहणीला येईन, बदल्यात काही घेत नाही याची खात्री पटली तर बघू.

लिहून द्यायला माझा हात झाला नाही. अनिताने मुंबईच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्यात. आत्ता तिला मूर्ती काढ म्हणून सांगायचं म्हणजे तिचं वर्ष बुडालं. संध्याकाळी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, यंदापासून गणपतीचे पैसे मी देणार, तू पावती कर. तिने हातातला ब्रश खाली ठेवला.

"बाई, मना तुमचं पैसं नको."

"अगं, ऑफिसला दाखवायला पावती हवी."

"तुमी मूर्तीचं देनार, तं मी पडवीचं भाडं देनार. मंग तुमी मालकीन नि मी भाडेकरीन. करू तसं?"

आणि तोंड फिरवून रंगवत बसली. आता सांगा, तिने भाडं दिलं तर घर व्यावसायिक. मी पैसे दिले नाहीत तरी व्यावसायिक. दोघींनी एकमेकींना काही देऊ नये असं ठरवलं तर आमचं बोलणंच बंद होईल. मी पुरती अडकले आहे.

वृंदा

*

रोहा, १८ जून २०२५

वृंदा,

हिश्शाबद्दल लिहिलंस, त्याला मी उत्तर देत नाही.

कुणी न विचारता खरं सांगायची हौस तुला आहे, ती माहेरची. मॅडमने विचारलं होतं हे मान्य, पण 'देवाची मूर्ती आहे, भाड्याचा काय संबंध' एवढं म्हटलं असतं तरी खोटं झालं नसतं.

अजूनही वेळ गेलेली नाही. पाहणीचा दिवस आधी कळेल. आदल्या दिवशी सगळ्या मूर्ती आळीत इकडेतिकडे हलवा, पडवी धुऊन काढा, दोन खुर्च्या टाका. मॅडम बघतील, लिहितील, जातील. तिसऱ्या दिवशी मूर्ती परत. तुझ्या आळीतल्या बाकीच्यांनी गेल्या वर्षी हेच केलं असणार, म्हणून त्यांना नोटिसा नाहीत. जगाला कळतं ते शिक्षकांना कळत नाही.

हे पटत नसेल तर मग तूच मळ शाडू आणि तूच कर घरचा गणपती. कुणाचं देणं नाही, कुणाचं घेणं नाही. शाळेत मातीकामाचा तास तूच घ्यायचीस ना?

आणि आता विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. पौषात तू न्हाणीघरात पडलीस. मला कळवलं नाहीस. मला तीन महिन्यांनी तिसऱ्याकडून कळलं, तेही वडखळच्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत. मी पंगतीतून उठलो. तो ब्लॉक आणि तो दवाखाना मी तेव्हापासून शोधतो आहे. हिस्सा नको आहे मला.

माधव

*

पेण, ९ जुलै २०२५

भाऊजी,

चुकले. हिश्शाचं लिहायला नको होतं. पडल्याचं कळवलं नाही कारण तुम्ही त्याच दिवशी गाडी करून आला असता आणि मला रोह्याला नेऊन ठेवलं असतं. पाय मुरगळला होता, दुसरं काही नाही. आता त्यावर जास्त नको.

तुमची युक्ती करून पाहिली. पाहणी गेल्या मंगळवारी ठरली होती. सोमवारी सकाळी अनिताच्या बायकांनी मूर्ती उचलायला घेतल्या. ओटी मोकळी झाली, माजघर मोकळं झालं. दुपारी मी जेवायला बसले आणि घास चावल्याचा आवाज मला ऐकू आला. भाऊजी, या घरात एवढं शांत मी कधी बसले नव्हते. हे गेले तेव्हाही घर भरलेलं होतं. मला भीती वाटली, दुसरा शब्द नाही. ताट तसंच सारलं, अनिताला हाक मारली आणि म्हटलं, आण सगळ्या परत. मूर्ती न्यायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या निम्म्या वेळात तिने त्या परत आणून लावल्या. मॅडमना मी ऑफिसात जाऊन सांगितलं की घर आहे तसं बघायचं असेल तर या, पण मला थोडे दिवस द्या, मी एक काम हातात घेतलं आहे. त्यांनी महिनाअखेरीनंतरची तारीख दिली.

काम म्हणजे तुम्ही सांगितलं तेच. तुम्ही चिडून लिहिलं होतं हे मला कळतं, पण इतका शहाणा सल्ला तुम्ही आजवर दिला नव्हता. बाजारातून शाडू मी माझा आणला. अनिता म्हणाली, साचा देते. मी म्हटलं, साचाही तुझा नको, नाही तर कारकून त्यालाही भाडं म्हणेल. हातानेच करते आहे. पहिला गणपती कोसळला. दुसऱ्याची सोंड सुकताना गळून पडली. तिसरा उभा राहिला, म्हणजे बसला. एक कान मोठा झालाय आणि पोट जरा डावीकडे गेलंय. अनिताची सासू धोंडुबाई दिवसभर उंदीर करत बसते, तिने माझ्या मूर्तीकडे मान वाकडी करून पाहिलं. मी विचारलं, मोडू का?

"नको गो बाय," म्हणाली. "देव हाय. बसलाय तं बसू दे."

शाळेत मी पोरांच्या मातीकामाला दहापैकी चार द्यायची. त्या सगळ्यांची आता मनातल्या मनात माफी मागते आहे.

वृंदा

*

रोहा, २४ जुलै २०२५

वृंदा,

मी सोमवारी पेणला येऊन गेलो. तुला अनिताने सांगितलं असेलच. न कळवता आलो, कारण कळवलं असतं तर तू सगळं आवरून ठेवलं असतंस. वाटेत निडी स्टेशनात गाडी बराच वेळ उभी राहिली, तेव्हा उतरून परत जावं असंही एकदा वाटलं. घरी पोचलो तर तू गागोद्याला भाचीकडे पूजेला गेलेली.

दार उघडं होतं. मी चपला काढून आत गेलो. पडवीत बायका कामाला लागलेल्या, एकीनेही मला 'कोण तुम्ही' म्हणून विचारलं नाही. विचारलं असेल तर मला ऐकू आलं नाही. एका म्हातारीने स्टूल पुढे सरकवलं. अनिताने माझ्याशी दोन वाक्यं बोलून पाहिली, मी कानाला हात लावला. तिने हसून समोरच्या पाटावर शाडूचा गोळा थापून सपाट केला आणि काडीने लिहिलं, 'च्या घेनार?' मी मान हलवली. तिने अंगठ्याने अक्षरं पुसली आणि लिहिलं, 'साखर?'

वृंदा, माझ्या घरात सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. ओरडतात, मग कंटाळतात, मग बोलायचं सोडून देतात. त्या बाईने तासभर माझ्याशी त्या पाटावर गप्पा मारल्या. मी तोंडाने बोलायचो, ती लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. मध्येच उठून मूर्तींची तोंडं फिरवून यायची. मी विचारलं, हे कशाला? तिने लिहिलं, 'येका बाजूनं सुकली तं तडकतं. रोज सकाळ-सांज फिरवावी लागतं.'

मग मी तुझ्या पडण्याचं विचारलं. तिने सगळं लिहिलं. सकाळी मूर्ती फिरवायला ती आली आणि तू न्हाणीघरात दिसलीस. पाय मुरगळला नव्हता, हाड मोडलं होतं. तू थंड पडली होतीस आणि अर्धवट शुद्धीत होतीस. तिने आणि तिच्या बायकांनी तुला पाटावर घालून रिक्षापर्यंत नेलं. रात्री ती दवाखान्यात बसली. हे तू मला लिहिलं नाहीस आणि तिने सांगितलं म्हणून तिच्यावर चिडू नकोस.

मी इतके दिवस समजत होतो की तू तिथे एकटी असतेस आणि त्या मूर्तींनी जागा अडवली आहे. त्या मूर्ती नसत्या तर त्या सकाळी तुझ्या घरात कुणी पाऊलच टाकलं नसतं. आणि मी तुला त्या हलवायला सांगत होतो.

शब्द शब्दच, तो मी मोडणार नाही आणि तूही मोडू नकोस. पण तुझी हरकत मान्य व्हावी असं आता मला फार वाटतं. निकाल लागला की त्याच दिवशी कळव.

माधव

ता. क. तुझा गणपती मी पाहिला. पोट डावीकडे गेलंय.

*

पेण, ८ ऑगस्ट २०२५

भाऊजी,

अनितावर चिडले होते, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिनेच भाकरी आणून ठेवली आणि मी खाल्ली.

काल मॅडम आल्या. बरोबर तो कारकूनही होता. पडवी भरलेली, ओटी भरलेली, माजघरात पाय ठेवायला आडव्या फळीएवढी वाट. काही मूर्तींची आखणी झालेली, म्हणजे डोळे लिहून झालेले. त्यांच्यासमोर चपला घालून कुणी येत नाही, मॅडमनी न सांगता बाहेर काढल्या. कारकुनाने वही उघडली आणि विचारलं, "यंदा बदल्यात कोणती मूर्ती घेणार?"

मी म्हटलं, बदल्यात नाही. माझी मी केली आहे, माझ्या मातीची. तो हसला. म्हणाला, "असं कुणीही सांगेल, बाई. एवढ्या मूर्तींत तुमची कोणती ते आम्ही कसं..."

आणि थांबला. भाऊजी, तो बोलता बोलता सगळ्या रांगांवरून नजर फिरवत होता, ती एका ठिकाणी जाऊन अडकली. मॅडमचीही तिथेच अडकली. मला बोट दाखवायची वेळच आली नाही. कारकून म्हणाला, "ती का?" मी म्हटलं, तीच. मॅडमनी पदर तोंडाला लावला. धोंडुबाई तर उघडउघड हसली. मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की दोन्ही एकदम होऊ शकतं हे या वयात कळलं.

मग मॅडम अनिताकडे वळल्या. "तुम्ही यांना काय देता?"

"काय नाय. बाई घेतच नायत."

"आणि त्या तुम्हाला?"

"जागा देतात. नि माझ्या पोरीचा अभ्यास घेतात. त्येचं बी लिहा, व्यवसाय हाय काय तो?"

मॅडम म्हणाल्या, नाही, तो नाही. त्यांनी माझा जबाब घेतला, अनिताचा घेतला, आणि जाताना माझ्या गणपतीसमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. शेजाऱ्याच्या वस्तू मोबदला न घेता ठेवल्या तर घर घरच राहतं, असं त्या म्हणाल्या. आज दुपारी आदेश हातात मिळाला. निवासी. हरकत मान्य. खाली त्यांची सही आणि शिक्का.

मी तो घेऊन चालत घरी आले, रिक्षा केली नाही. वाटेत कुणी भेटलं की सांगत होते. पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं, मी इथेच असणार हे मला पक्कं कळलं आणि बाजारात उभी राहून मी रडले. भाजीवालीने मिरच्या फुकट दिल्या.

वृंदा

*

रोहा, १४ ऑगस्ट २०२५

वृंदा,

पत्र मिळालं. अंतराला वाचायला दिलं, मग अद्वय रात्रपाळीहून आला, त्याला दिलं. तो हसून हसून खुर्चीवर बसला. आमच्याकडे असं सगळ्यांनी मिळून काही वाचलं याला बरेच दिवस झाले.

गिऱ्हाइकाला काल नाही म्हणून कळवलं. ते जरा नाराज झाले. मी त्यांना सांगितलं की तिथे माणसं राहतात.

आता एक. आपले वडील होते तोवर आपला गणपती एकच बसायचा, तिथेच. मी रोह्याला आल्यावर इथे वेगळा आणायला लागलो, कुणी सांगितलं नव्हतं, आपलं आपण. यंदा मी इथली मूर्ती सांगितलेली नाही. चतुर्थीला तू केलेलाच आपण सगळे पुजू, तू हो म्हणालीस तर. अद्वयला दोन दिवसांची सुटी मिळते आहे, तो, अंतरा आणि पोरं चतुर्थीला येतील. मी आधीच येतो. अनिताला म्हणावं, तुझ्या रंगकामाला हात कमी पडत असतील तर मुकुटांचा सोनेरी रंग मला जमेल असं वाटतं. हात अजून थरथरत नाही.

आज सकाळी बॅग काढली. अंतराने पाहिलं आणि पाटीवर लिहून विचारलं, बाबा, कुठे निघालात? पाटी मी परवा आणली, तिलाही पटली. मी म्हटलं, घरी. तिने लिहिलं, तुम्ही घरीच आहात. मग मी तिला बसवून समजावलं की हेही घर आहे, पण मी पेणला चाललो आहे.

रविवारच्या सकाळच्या गाडीने येतो. स्टेशनवर येऊ नकोस, मला वाट माहीत आहे.

माधव